कॉर्नवॉल इतकं देखणं, पर्यटकांनी गजबजलेलं. तरी ब्रिटनच्या गरीब भागांत का मोजलं जातं?

माझ्या मते मूळ कारण एकच: कॉर्नवॉलकडे कथिल होतं, तांबं होतं, चिनी माती होती, दगडी कोळसा नव्हता.

ही काउंटी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. तीन बाजूंना समुद्र आणि चौथीकडे टेमर नदी. टेमर उत्तर किनाऱ्यापासून जेमतेम सहा किलोमीटरवर उगम पावते आणि पार दक्षिणेला समुद्राला मिळते, म्हणजे कॉर्नवॉल जवळपास बेटच. (टोकाला असण्याचा एक फायदा आपल्याशी जोडलेला आहे: 1870 मध्ये मुंबईला लंडनशी जोडणारी समुद्राखालची तारसंदेशांची केबल इथल्याच पोर्थकर्नोच्या पुळणीवर वर आली.)

जमिनीखाली ग्रॅनाइट आहे. त्याच्या भेगांमधून वर आलेल्या तप्त पाण्याने धातू सोडले ते जवळजवळ उभ्या शिरांमध्ये. त्यामुळे खाण आडवी पसरत नाही, खोल जाते आणि पाण्याने भरते. उपसा थांबला की खाण गेली. उपशाला वाफेचं इंजिन लागतं, इंजिनाला कोळसा, आणि तो यायचा वेल्सहून जहाजाने. जेम्स वॉटची कंपनी तर इंजिनाचं भाडंच जुन्या इंजिनांच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या एक तृतीयांश किमतीइतकं घ्यायची. 1800 मध्ये पेटंट संपलं आणि 1811 पासून दर महिन्याला कोणतं इंजिन किती कोळशात किती पाणी चढवतं याचा तक्ता छापला जाऊ लागला. इंजिनिअर एकमेकांचे आकडे पाहून सुधारणा करत गेले. तीसएक वर्षांत तेवढ्याच कोळशात सरासरी तिपटीहून जास्त काम होऊ लागलं.

किनाऱ्यावर उंच धुराड्याची जी दगडी इंजिनघरं दिसतात, त्यांची एक भिंत बाकीच्यांपेक्षा जाड आणि बुटकी असते, ती नीट बघा. तिच्यावर कित्येक टनांची तुळई तराजूसारखी टेकलेली असे. वाफ आतलं टोक खाली ओढायची, बाहेरच्या टोकाला लटकलेला लाकडी दांडा खाणीच्या उभ्या विहिरीतून वर यायचा, आणि तो स्वतःच्या वजनाने परत खाली जाताना पाणी वर ढकलायचा. तो भार पेलायला भिंती इतक्या भक्कम बांधल्या, म्हणूनच इंजिनं भंगारात गेल्यावरही त्या उभ्या आहेत.

तांब्याचं गणित आणखी वाईट. खनिज गाळायला त्याच्या वजनाच्या काही पट कोळसा लागायचा. कोळसा इकडे आणण्यापेक्षा खनिज तिकडे नेणं स्वस्त, म्हणून जहाजं खनिज घेऊन स्वान्सीला जायची आणि कोळसा भरून परतायची. भट्ट्या आणि त्यांच्याभोवतीचे कारखाने वेल्समध्ये वाढले. चिनी मातीचंही तेच: ती बोटीने स्टॅफर्डशरच्या कुंभारकामाच्या कारखान्यांकडे जायची, कारण कोळसा तिथे होता. कथिल मात्र इथेच गाळलं जायचं आणि हेलच्या ओतशाळेत मोठमोठी इंजिनं बनायची, हे सांगायलाच हवं. पण ते सगळं खाणींवरच अवलंबून होतं.

1866 मध्ये तांब्याचा भाव कोसळला आणि खाणकामगार ऑस्ट्रेलिया, अमेरिका, मेक्सिकोला निघून गेले. 1985 मध्ये कथिलाचा भाव टिकवून धरणारी आंतरराष्ट्रीय कथिल परिषद बुडाली आणि कथिलाचा भाव निम्म्याहून खाली आला. शेवटची मोठी खाण, साउथ क्रॉफ्टी, 1998 मध्ये बंद झाली. वर्षभरात युरोपीय संघाने कॉर्नवॉलला सर्वात मागास प्रदेशांच्या मदत-यादीत घातलं; अट होती, दरडोई सकल उत्पादन (जीडीपी) संघाच्या सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी असण्याची.

पर्यटनाने ही जागा भरून निघालेली नाही. काम हंगामी, पगार कमी, आणि किनाऱ्यावरची घरं बाहेरचे लोक सुट्टीपुरती घेतात. सेंट आइव्ह्जच्या रहिवाशांनी 2016 मध्ये मतदान करून नवी घरं कायम राहणाऱ्यांनाच विकायचा नियम केला. मग मागणी जुन्या घरांकडे वळली, कारण त्यांना तो नियम लागू नाही.

साउथ क्रॉफ्टीतून 2023 पासून पुन्हा पाणी उपसलं जातंय, कारण खाली कथिल अजून आहे. मला काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची: खनिजापासून कथिल काढणारी भट्टी आज ब्रिटनमध्ये उरलेली नाही, म्हणजे माल पुन्हा जहाजानेच बाहेर जाणार.