ओकोनोमियाकीला पिझ्झा म्हणू नका

तुम्ही विचारलंय की ओकोनोमियाकी म्हणजे जपानी पिझ्झाच का, आणि ती ओसाकात खावी की हिरोशिमात. मी हिरोशिमात तीन वर्षं राहिले आहे, त्यामुळे माझा कल कुठे असेल ते आधीच सांगून टाकते.

पिझ्झा डोक्यातून काढाच. इथे कणीक मळायची नसते आणि ओव्हनही लागत नाही. ओकोनोमी म्हणजे 'आवडेल ते' आणि याकी म्हणजे भाजलेलं. सगळा जीव कोबीत असतो, पीठ फक्त त्याला धरून ठेवण्यापुरतं. आपल्याकडचं जवळचं काही सांगायचं तर भरपूर भाजी घातलेलं धिरडं म्हणा.

ओसाकात कोबी, अंडं आणि पीठ एकत्र कालवतात. पिठात दाशी, म्हणजे मासा नि समुद्री शेवाळाचं पातळ सार, आणि किसलेला नागाइमो घालतात. हा आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. किसला की चिकट होतो आणि त्यानेच आतून हलकेपणा येतो. वर डुकराच्या मांसाचे पातळ काप लावून जाड चकती लोखंडी तव्यावर भाजतात. ओसाकात लोक ती भाताबरोबरही खातात. मला आधी नवल वाटलं, मग पावभाजीनंतर पुलाव मागवणारे आपण आठवलो.

हिरोशिमात काहीच कालवत नाहीत. तव्यावर पातळ पीठ पसरायचं, त्यावर माशाची भुकटी, मग कोबीचा ढीग, कडधान्याचे लांब मोड, मांसाचे काप, वरून थोडं पीठ. मग सगळं एका झटक्यात उलटायचं. आता मांस खाली आणि पिठाची चकती वर झाकणासारखी. आतला कोबी स्वतःच्याच वाफेवर शिजतो, गोड होतो, आणि तो एवढा मोठा ढीग हळूहळू बसतो. शेजारी नूडल्स परतून त्यावर हे सगळं ठेवतात, शेवटी फोडलेल्या अंड्यावर. मी रोज जायचे त्या दुकानातल्या आजी उलथण्याने कधीच दाबायच्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, दाबलंस की वाफ गेली.

या पदार्थाला हे रूप भुकेने दिलं. युद्धाआधी तिथे 'इस्सेन योशोकु' मिळायचं, म्हणजे एक सेनचं (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) विलायती खाणं: पिठाची पातळ चकती, थोडी कांद्याची पात, सॉस. मुलांचा खाऊ तो. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबाँबने शहर बेचिराख झालं. तांदूळ दुर्मीळ होता, अमेरिकी मदतीचा गहू मिळत होता. लोकांनी लोखंडी पत्र्यांवर तोच खाऊ भाजायला घेतला आणि पोट भरावं म्हणून त्यात कोबी वाढत गेला, पुढे नूडल्स आल्या. तिथल्या कितीतरी दुकानांच्या नावात शेवटी 'चान' येतं; माणसाच्या नावाला लाडाने जोडतात तो हा प्रत्यय. युद्धात नवरे गमावलेल्या बायकांनी घराच्या दर्शनी खोलीत तवा मांडला आणि स्वतःचंच नाव दुकानाला दिलं, असं तिथे सांगतात. म्हणून तिथे बसून खाताना मला ते नुसतं चटकदार खाणं कधीच वाटलं नाही.

तुम्ही शाकाहारी असाल तर मात्र सावध. मांस काढायला सांगितलं तरी दाशी, माशाची भुकटी आणि वर हलणारे कात्सुओबुशीचे, म्हणजे सुकवलेल्या माशाचे, पातळ काप राहतातच. सॉसमध्येही प्राणिज अर्क असू शकतो. आधी विचारा.

एकच दिवस असेल तर हिरोशिमाला जा. ओकोनोमिमुरा नावाच्या इमारतीत मजल्यामजल्यावर तव्याभोवती मांडलेली छोटी दुकानं आहेत. ताट मागू नका. तव्यासमोर बसा आणि 'हेरा', म्हणजे छोटं उलथणं, घेऊन तव्यावरूनच तुकडा कापून खा. शेवटचा घासही गरमच लागतो.