वाघाच्या दाढेत नेमका कोणता दात?

ब्रह्मपुरीकडच्या एका शेतकरी वाचकाने विचारलं आहे : मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दाढांचं काम अन्न चावून बारीक करणं असं दिलंय. पण रानातून जीव वाचवून आलेल्या माणसाला आपण 'वाघाच्या दाढेतून सुटला' म्हणतो. वाघ तर सुळ्यांनी धरतो. मग आपलं हे बोलणं चुकीचं का?

चुकीचं नाही. 'दाढ' या शब्दाचा जुना अर्थ या बोलण्यात जसाच्या तसा टिकून राहिला आहे.

दाढ आली संस्कृतातल्या 'दंष्ट्रा'वरून. मधे प्राकृतात 'दाढा' झाली, मग मराठीत दाढ. दंष्ट्रा आणि दंश यांचा धातू एकच, म्हणजे दंष्ट्रा हे दंश करायचं हत्यार. त्यात दळण्याचा अर्थ मुळीच नाही. रामटेकच्या गडावर वराहाची मोठी दगडी मूर्ती आहे. त्या अवताराने पृथ्वी वर काढली ती दंष्ट्रेवर तोलून, आणि तिथे दंष्ट्रा म्हणजे डुकराचा बाहेर आलेला सुळा. हरभऱ्याच्या वावरात रात्री रानडुकरं शिरली की सकाळी जी नासाडी दिसते, ती पाहणाऱ्याला त्या सुळ्याची ताकद वेगळी सांगावी लागत नाही.

पुढे मराठीत टोकदार दाताला 'सुळा' हा शब्द रुळला. सुळका, सूळ यांच्याच घरातला तो, मूळ शूल. (आमच्या अमरावतीकडे डोळ्याचा डोया होतो तसा सुळ्याचा सुया.) आणि दाढ हा शब्द जबड्यात मागे सरकला, चावून बारीक करणाऱ्या रुंद दातांना लागला. पण 'वाघाच्या दाढेत', 'काळाच्या दाढेत' या बोलण्यात तो हलला नाही. तिथे दाढ अजून दंष्ट्राच आहे. वाघाच्या तोंडात मागेही दळायचे सपाट दात नसतात. त्याचे मागचे दात कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवरून सरकून मांस कापतात. तेव्हा नव्या अर्थाने पाहिलं तर वाघाला दाढ नाहीच म्हणायची!

दाढीसुद्धा याच कुळातली. दाढेच्या जागी, जबड्यावर येणारे केस ती दाढी.

आता मुलीच्या पुस्तकाकडे. तिथे कृंतक (समोरचे दात), रदनक (सुळे) असे शब्द असतील तर ते पाठ करण्याआधी तिच्या हातात उसाचं एक कांडं द्या. साल सोलायला ती कांडं तोंडाच्या कोपऱ्याकडे नेईल. तिथे सुळा रुततो, आणि मान झटकली की सालीची पट्टी निघते. मग पांढरा गर समोरच्या दातांनी तोडेल. हे पटाशीचे दात. तो तुकडा जीभ आपोआप मागे ढकलते, तिथे दाढा रस काढतात आणि चोथा उरतो. मधल्या उपदाढांना बहुधा दोन उंचवटे असतात, त्या फोडतात आणि चेचतातही. मोठ्या माणसाचे हिशेब असे : पटाशीचे 8, सुळे 4, उपदाढा 8, दाढा 12, एकूण 32. दुधाचे दात 20, त्यांत उपदाढा नसतात.

पटाशी हा शब्द मला फार आवडतो. वखराच्या लाकडाला चौकोनी भोक पाडताना सुतार जी सपाट धारेची पटाशी ठोकतो, तिचं पातं एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने धारेकडे उतरतं असतं. आता वरच्या समोरच्या दातामागून जीभ फिरवून पाहा. तोच उतार लागेल. ज्याने हे नाव दिलं त्याने दात आणि हत्यार दोन्ही नीट पाहिलं होतं. कृंतक म्हणजे कापणारा, अर्थ बरोबर आहे, पण त्यातून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. मुलांनी दोन्ही शिकावं, पण आधी पटाशी, आणि शक्य असेल तर सुताराकडे नेऊन.

बैल घेताना आपण खालचेच पटाशीचे दात पाहतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. वर पाहत नाही, कारण गाय-बैलाला वरच्या जबड्यात समोरचे दात नसतातच, तिथे नुसती कडक हिरडी असते.

एक गोष्ट प्रश्नाबाहेरची, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही, आणि किडली तर 'दुधाचीच आहे, पडेल' म्हणून सोडून देतात. ती पडणारी नसते, कायमची असते. मुलगी त्या वयाची असेल, तर उजेडात नेऊन तिला एकदा तोंड उघडायला सांगा.