४२९४९६७२९७ : ऑयलरला ६४१ कसा सापडला?

शंका रास्त आहे. २^३२ + १, म्हणजे ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७, हिला ६४१ ने भाग जातो हे पुस्तकं एका ओळीत उरकतात. मग १७३२ साली गणिती ऑयलर ३, ५, ७, ११ करत तिथवर गेला का, असं तुम्ही विचारलंय. ६४१ च्या आधी ११५ मूळ संख्या आहेत. तेवढ्यानं तो दमला नसता म्हणा, पण गरजच नाही.

समजा, 'प' या मूळ संख्येनं हिला भाग जातो. म्हणजे प नं भागल्यावर २^३२ ची बाकी −१ आणि वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १. २ च्या घातांची १ बाकी पहिल्यांदा ज्या घाताला येते, त्याच्याच पटीतल्या घातांना ती पुन्हा येते. ही १ बाकी ६४ व्या घाताआधी येऊच शकत नाही; आली असती तर तो पहिला घात ६४ चा लहान विभाजक, म्हणजे ३२ चाही विभाजक ठरून ३२ व्या घातालाही १ आली असती, आणि तिथं तर −१ आहे. इकडे गणिती फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की २ च्या (प − १) व्या घाताला बाकी १ येतेच. तेव्हा प − १ ला ६४ नं पूर्ण भाग जायला हवा. म्हणजे प चं रूप ६४क + १.

आता या रूपातल्या मूळ संख्या, म्हणजे उमेदवार, मोजा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम तमाम! ऑयलरनं ही रीत नंतरच्या लेखात उलगडली. गंमत अशी की २^(२^न) + १ या साच्यातल्या (३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि मग ही) संख्या मूळच असणार हे मत फर्माचंच, आणि ते पाडलं त्याच्याच प्रमेयानं.

पुढे ल्युका या गणितीनं ६४ ऐवजी १२८ घेता येतात हे दाखवलं. त्याचा खरा फायदा ६४१ नं भागून आलेला दुसरा अवयव, ६७००४१७, मूळ आहे का हे तपासताना होतो; त्याला भागणारी मूळ संख्या मोठ्या संख्येलाही भागते, म्हणून तिलाही हेच रूप लागू. त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. तिथवर १२८क + १ रूपाच्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. भाग कुणानंच जात नाही, म्हणजे ६७००४१७ मूळ. कागदावर अर्ध्या तासाचं काम आहे, जरूर करा.

मला स्वतःला मात्र दुसरा पुरावा जास्त आवडतो. ही संख्या ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे, हे उघडच. पण ती ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्गही आहे. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत फार तर एकाच प्रकारे मांडता येते. इथं दोन प्रकार मिळाले, म्हणजे एकही अवयव न शोधता ती मूळ नाही असा निकाल लागला.

दोननं लहान असलेली शेजारीण, ४२९४९६७२९५, मात्र ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ आहे. पाचही फर्माच्या साच्यातल्या मूळ संख्या, त्यामुळे गणिती गाउसच्या निकषानुसार (बाजूंची संख्या अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली तर चालतं) तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः कंपास-पट्टीनं काढता येतो.

प्रोग्राम लिहून पडताळणार असाल तर ६४ बिटांचा पूर्णांक घ्या. ३२ बिटांत ही संख्या मावत नाही, तिथं नुसता १ उरतो.