चिऊ, कंदील माळ्यावर टाकू नका

लाडक्या चिऊ,

तुझा निरोप मिळाला. चाळीतल्या तुम्ही पोरांनी यंदा नाताळला जिना आणि पहिल्या मजल्याची गॅलरी सजवायची ठरवली आहे. वर्गणी काढून बाजारातून झाड, घंटा, चमकीच्या माळा आणायच्या की घरीच काही करायचं, यावर तुमचं अडलंय. आणि तू विचारतेस, "आई, मराठी माणसांची नाताळची सजावट असते का? की आपली फक्त दिवाळीचीच?"

असते. ती बघायला तुला लांब जायला नको. शाळेतून येताना आजीबरोबर गिरगावातल्या खोताच्या वाडीत एक फेरी मार. बाहेरून वर जाणारे लाकडी जिने, पुढचे व्हरांडे, त्यांच्या कठड्यांना टांगलेले तारे, सगळं नीट बघ. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ती वाडी ओळखली जाते. त्यांच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनी तिथे घरं बांधली. हे लोक कुठून बाहेरून आलेले नाहीत. मुंबई, ठाणे, वसई या पट्ट्यातलेच आहेत. वसई 1534 साली पोर्तुगिजांकडे गेली, 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथली पुष्कळ माणसं ख्रिस्ती झाली, पण घरात बोलणं मराठीच राहिलं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली, ते ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं. आणि अगदी अलीकडे, 2020 साली, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा गॅलरीत कुणी म्हणालंच की हा सण आपला नव्हे, तर वाद घालत बसू नकोस. एवढं सांग आणि कामाला लाग.

बाजारातून आणायचं की हाताने करायचं, यावर माझं मत स्पष्ट आहे: हाताने. तुम्हाला लागणारी सगळी कसबं दिवाळीने आणि गणपतीने आधीच शिकवली आहेत.

सुरुवात कंदिलापासून. दिवाळीचा कंदील अजून खाली उतरवला नसेल तर माळ्यावर टाकू नका. वाडीतल्या घरांवर डिसेंबरात लागतो तो पाच टोकांचा तारा आणि आपल्याकडे दिवाळीला लागते ती चांदणी, दोन्हींचा सांगाडा एकच. पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांना ज्या ताऱ्याने बेथलेहेमची वाट दाखवली, तो हा तारा. कंदील जुना असेल तर फक्त कागद बदला, पण माझं ऐकशील तर निदान एक चांदणी नवी बांधा. आजोबांनी मला शिकवली तशीच सांगते.

बांबूच्या दोन फुटांच्या दहा कामट्या घ्या आणि चार-चार इंचांचे पाच तुकडे. कामट्या आदल्या रात्री पाण्यात टाकल्या तर वाकताना मोडत नाहीत. पाच कामट्यांचा एक तारा जमिनीवर मांडा, एक कामटी वरून, एक खालून, अशी वीण घालत. पाची टोकं दोऱ्याने पक्की आवळा, आतल्या गाठी मात्र जरा सैल ठेवा. मग एका टोकापासून शेजारच्या टोकापर्यंत दोरा धरून अंतर मोजा. दोन फुटांच्या कामटीला ते जेमतेम पंधरा इंच यायला हवं, आणि पाची बाजूंना सारखं. कमीजास्त असेल तर तेव्हाच सरकवून घ्या, कागद लागल्यावर काही करता येत नाही. आजोबा इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवायचे. आम्हाला कागद चिकटवायची घाई आणि ते दोरा घेऊन पुन्हापुन्हा मोजत बसलेले. पण त्यांची चांदणी वाऱ्यावर फिरली तरी कुठूनही वाकडी दिसत नसे.

असाच दुसरा तारा करा. दोन्ही एकमेकांवर ठेवून टोकाला टोक बांधा. आत कामट्या जिथे एकमेकींना छेदतात अशा पाच जागा असतात, तिथे ते चार इंची तुकडे दोन ताऱ्यांच्या मध्ये आडवे घालून बांधा. चांदणीला पोट येतं ते या तुकड्यांमुळे. कागद पतंगाचा घ्या. संक्रांत जवळ आल्यामुळे आत्ता तो सहज मिळतो आणि त्यातून उजेड छान मऊ येतो. जिलेटीन कागद मला आवडत नाही, आतला दिवा डोळ्यांवर येतो. खळ घरी करा: अर्धी वाटी थंड पाण्यात चमचाभर मैदा कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाली की उतरवायची. गॅसजवळ आजी हवीच. कागद मापापेक्षा बोटभर जास्त कापून कामटीवरून आत दुमडा. आधी बाजूचे दहा अरुंद त्रिकोण लावा, त्यातला एक दिव्यासाठी मोकळा ठेवा. मग पुढचे-मागचे हात आणि मधला पंचकोन. नाताळची चांदणी पांढरी करा, कडेला लाल पट्टी, खाली लाल-पांढऱ्या झिरमिळ्या. आत तीन किंवा पाच वॉटचा एलईडी दिवा लावा. जुना पिवळा बल्ब तापतो, तो नको. वायर आणि होल्डर बाबाच बसवेल, तुम्ही हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट गोठा. खरं तर चिऊ, तुमचा जिना या एका गोष्टीने सजेल, बाकी काही नाही केलंत तरी चालेल. नाताळच्या सजावटीचं मन गोठ्यात आहे. इटलीतल्या ग्रेच्चो गावी 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसनी गव्हाणीत गवत घालून, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून येशूजन्माचा देखावा मांडला. गरिबांच्या घरी जन्मलेलं मूल लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. घरोघरच्या गोठ्यांची परंपरा लोक तिथपासून सांगतात. आणि तुम्ही दिवाळीत जिन्याखाली किल्ला केलात की नाही? मग गोठा करायला वेगळं काय लागतं? विटा रचा, गोणपाट मातीच्या काल्यात बुडवून त्यावर टाका, हाताने चुण्या पाडा, की डोंगर झाला. डोंगराच्या पोटात खोक्याच्या पुठ्ठ्याचा गोठा बसवा, वर फळवाल्याच्या पेटीतला पेंढा अंथरा.

किल्ल्यावरची चित्रं काढा, पण सगळी नाही. महाराज आणि मावळे पेटीतच राहू देत, त्यांची जागा किल्ल्यावर. गाई, बैल, मेंढ्या, घागर घेतलेली गवळण मात्र इथे चालतील. मरिया, योसेफ आणि बाळ शाडूचे करा. गणपतीची उरलेली शाडू आजीने डब्यात ठेवली असेल. मूर्ती चार बोटांएवढ्या पुरेत. नाक-डोळे कोरायच्या भानगडीत पडू नका. मान किंचित खाली झुकलेली ठेवलीत की ती आई बाळाकडे बघते आहे हे बघणाऱ्याला कळतं. सावलीत चार दिवस वाळवा, उन्हात ठेवलीत तर तडा जाईल. मरियेला नऊवारी नेसवायची तर नेसवा. जगभर लोकांनी तिला आपापल्या पोशाखात रंगवलं आहे.

गोठ्यापुढच्या कुरणासाठी नाचणी पेरा. ही पद्धत कोकण-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत आहे, आणि नवरात्रात आजी घटाभोवती धान्य पेरते ते तू दरवर्षी बघतेसच. पसरट थाळीत दोन बोटं माती, रात्रभर भिजवलेली नाचणी वर दाट पसरायची, दोन दिवस ओल्या फडक्याखाली झाकायची, मग उजेडात ठेवून रोज नुसतं पाणी शिंपडायचं. बारा दिवसांत वीतभर नाही, पण बोटभर हिरवंगार गवत येतं. म्हणजे 12 किंवा 13 डिसेंबरला पेरायला हवी. विसरलात तर अळीव आहेच, किल्ल्यावर पेरता तोच. तो आठवड्याभरात तयार होतो.

बाळ मात्र आधी ठेवायचं नाही. 24 तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी. आणि तिन्ही राजे, म्हणजे ताऱ्यामागून आलेली ती ज्ञानी माणसं, पोचतात 6 जानेवारीला. आपल्या चाळीत पायऱ्यांना तोटा नाही, म्हणून मला सुचलं ते असं: गोठा वरच्या चौकात मांडा, त्याच्या खालच्या बाराव्या पायरीवर, कठड्याच्या कोपऱ्यात, कुणाच्या पायात येणार नाहीत असे राजे ठेवा. 25 तारखेनंतर रोज संध्याकाळी एका मुलाने त्यांना एक पायरी वर चढवायचं. बरोब्बर 6 तारखेला ते गोठ्यात येतात. रोज एकाची पाळी लावा, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्यालाही मान मिळेल.

आता इथलं सांगते. जर्मनीत, हॅम्बुर्गला डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. बर्फ पडेलच असंही नाही, बहुतेक पाऊसच असतो. म्हणून लोक खिडक्यांत तारे लावतात. त्यातला एक पंचवीस टोकांचा, हेर्नहूट नावाच्या गावाचा. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या ख्रिस्ती पंथाच्या शाळांमध्ये मुलांना भूमिती शिकवताना तो कागदाचा करवून घेत. धर्मप्रचारासाठी लांबच्या देशांत गेलेल्या आईबापांची मुलं त्या वसतिगृहांत राहायची. ती असे तारे करायची. कामावरून परतताना मी ते बघते तेव्हा तू मनात असतेसच.

याच शहराची आणखी एक गोष्ट. योहान विखर्न नावाचा धर्मगुरू इथे गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवायचा. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? 1839 साली त्याने एक जुनं गाडीचं चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या छोट्या लाल. रोज एक पेटवायची, म्हणजे किती दिवस उरले ते मुलांना मोजता येई. आता घरोघरी त्याचं चार मेणबत्त्यांचं कडं असतं, नाताळच्या आधीच्या चार रविवारांसाठी. तुम्ही ते दिवाळीच्या उरलेल्या पणत्यांचं करा. पितळी ताटात हिरव्या पानांचं गोल कडं आणि त्यात चार पणत्या. आंब्याची पानं दोन दिवसांत मान टाकतात, म्हणून चौपाटीवर सुरूची पडलेली फांदी मिळाली तर ती वापरा, ती टिकते. मात्र हे ताट घरात, टेबलावर, मोठं माणूस समोर असतानाच. चाळीचा जिना लाकडी आहे, तिथे ज्योत अजिबात नको.

इथे गव्हाच्या काड्यांच्या चांदण्या करतात, लाल दोऱ्याने बांधलेल्या. तशा खराट्याच्या हिरांच्या करता येतील. चार हीर मधोमध एकमेकांवर ठेवून दोऱ्याने एक वरून एक खालून गुंफत आवळायचे आणि टोकं तिरकी कापायची. कोकणात नव्या भाताची लोंबी दाराला बांधतात, आपल्याकडे मागच्या वर्षी गावाहून आलेली असेल तर तीही कंदिलाशेजारी टांगा, फार शोभेल.

माळांसाठी कालनिर्णयची पानं वापरा. वर्ष संपतंय, अकरा पानं तरी मोकळी आहेत. अरुंद पट्ट्या कापून साखळी करा, किंवा पेन्सिलीवर गुंडाळून नळ्या करून ओवा. झाडावर पैसे घालवू नका, गॅलरीतली मोठी कुंडी सजवली तरी चालेल. आणि कापसाचा बर्फ नको. तो दिव्याच्या माळांजवळ पेट घेऊ शकतो, शिवाय मुंबईच्या गोठ्यावर बर्फ कशाला? थर्माकोलही नको, सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे. रांगोळीचं तुला सांगायला नको. ठिपक्यांची चांदणी तुला माझ्यापेक्षा चांगली येते.

वर्गणीचे पैसे उरतीलच. त्यातून आजीला करंज्यांचं सामान आणून द्या. 25 तारखेला सकाळी वाडीतल्या तुझ्या मैत्रिणीच्या आजीकडे ताट घेऊन जा, त्यांच्या नाताळच्या फराळातही करंज्या असतात. कुलकुल, म्हणजे त्यांचे छोटे तळलेले गोड पदार्थ, कसे वळतात ते त्यांच्याकडून शिकून ये, आणि गोठा बघायला त्यांना हाताला धरून आपल्या चाळीत घेऊन ये. मांडणीत काही चुकलं असेल तर त्या सांगतील, ते तिथल्या तिथे बदला.

6 जानेवारीनंतर सगळं उतरवताना नाचणीचं गवत गाईवाल्याला द्या, शाडूच्या मूर्ती कापडात गुंडाळून किल्ल्याच्या चित्रांबरोबर पेटीत ठेवा. चांदणीचा कागद फाडून टाका, पण सांगाडा ठेवा. दिवाळीत त्यावर केशरी कागद लावता येईल.

कामट्या कुठे मिळतील ते आजीला ठाऊक आहे. तिला आजच विचार.

तुझी आई