डिप्रेशनमधला थकवा झोप काढून जात नाही, मग करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की दहा-दहा तास झोपूनही अंग जड, अंघोळ म्हणजे डोंगर वाटतो आणि घरचे आळशी म्हणतात. मी डॉक्टर नाही, ठाण्यात वर्तकनगरला राहतो, दीडेक वर्ष हेच भोगलंय, त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे तो आळस नाही. आळशी माणसाला लोळायला मजा येते हो, आपल्याला कुठे येते? माझं ऑफिस ऐरोलीला, ठाण्याहून ट्रेनने जेमतेम दहा मिनिटं, गाडी इथूनच सुटते म्हणजे बसायला पण मिळतं, तरी एक दिवस नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मच्या बाकड्यावर बसून वाशीच्या तीन गाड्या डोळ्यासमोरून जाऊ दिल्या आणि रिक्षा करून घरी आलो. पाय उचलावेसेच वाटेनात. डिप्रेशनमध्ये हालचाल, विचार सगळंच मंदावतं आणि झोप कितीही झाली तरी ती लागू पडत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

पण सगळं डिप्रेशनवर ढकलू नका, आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२, डी. माझं बी१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं घेतल्यावर थकवा सगळा गेला असं नाही पण जिना चढताना फरक कळायला लागला.

डॉक्टरकडे जायला मी सहा महिने घालवले, त्याचं कारण सांगायला लाज वाटते. आपल्याकडे कुणाची चेष्टा करायची तर 'ह्याला ठाण्याला पाठवा' म्हणतात ना, आणि मी तर ठाण्यातच राहणारा, १९०१ पासूनचं ते मनोरुग्णालय लहानपणापासून बघतोय, त्यामुळे सायकियाट्रिस्ट म्हटलं की डोक्यात तेच गेट यायचं. प्रत्यक्षात तिथेही ओपीडी आहे, लोक गोळ्या घेतात आणि घरी जातात. मी प्रायव्हेटला गेलो. गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला मला त्या गोळीनेच दिवसभर गुंगी यायची, मी मनानेच बंद करणार होतो पण फोन केला तर डॉक्टरांनी सकाळची रात्रीला केली आणि जमलं. तुम्हाला गुंगी आली तर तुम्ही पण आधी विचारा, परस्पर बंद करू नका.

आता रोजचं. अंघोळीचं म्हणाल तर मी बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, बसून चार तांबे घ्यायचे, डोकं धुवायचं नाही. तेही नाही झालं तर ओल्या टॉवेलने पुसून घ्यायचं. जेवण पोळीभाजी केंद्रातून, आईला आधी राग आला, मग तिलाही बरं वाटलं असावं. मूड येईल तेव्हा करू असं म्हणाल तर तो येत नाही, आधी थोडं करायचं, मूड मागून आला तर आला. सकाळ माझी साफ वाया जायची, बऱ्याच जणांची जाते, पण संध्याकाळी पाचनंतर डोकं जरा हलकं व्हायचं, म्हणून जे काय करायचं ते तेव्हा. पहिला आठवडा फक्त बिल्डिंगच्या गेटपर्यंत, वॉचमनला हात करून परत. उपवन तलावापर्यंत पोचायला दोन महिने लागले, आणि तिथेही निम्मा वेळ कठड्यावर बसून.

आणि बरा दिवस आला की सावध. मी अशाच एका रविवारी माळा आवरला, पडदे धुतले, स्वतःवरच खूष, आणि मग गुरुवारपर्यंत आडवा. बऱ्या दिवशी पण निम्मंच करा, कितीही हात शिवशिवले तरी. मोबाईल घेऊन पडणं ही विश्रांती नाही हे पण मला उशिरा कळलं, दोन तास रील्स बघून उठलो की आणखी गळून जायचो.

घरच्यांना पटवत बसण्यात ताकद घालवू नका. मी आईला सरळ डॉक्टरांसमोर बसवलं, माझ्या तोंडून जे ऐकलं नाही ते तिने त्यांचं ऐकलं. जगावंसंच वाटत नाही असे विचार येत असतील तर मात्र थांबू नका, १४४१६ वर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि अपॉइंटमेंट घ्याल ती संध्याकाळची घ्या. सकाळची घेतलीत तर जाणारच नाही, मी दोनदा बुडवली.