संसार कोरियात, माहेर कोल्हापुरात

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच देशाविषयी आहेत, आणि कोल्हापुरात राहणाऱ्यांना त्याचे नवल वाटू नये. शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात पीएच.डी. करून पुढील संशोधनासाठी दक्षिण कोरियात जाण्याची वाट आता चांगलीच रुळली आहे, आणि त्या वाटेने गेलेल्या मुलांची लग्ने ठरली की घरोघरी हेच प्रश्न उभे राहतात. तिथे काही वर्षे संसार केलेला असल्याने संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली आहेत.

प्रश्न : माझे लग्न गेल्या वैशाखात झाले. पती सुवॉन येथील विद्यापीठात संशोधक आहेत आणि महिन्याभरात मलाही तिकडे जायचे आहे. मी एम.कॉम. असून लग्नापूर्वी एका कर सल्लागारांकडे नोकरी करीत होते. पती सकाळी लॅबमध्ये जातात ते रात्री नऊ-दहालाच परततात. मैत्रिणींना चेरीची फुले आणि राजवाडे दिसतात. मला मात्र दिवसभर एकटीने घरात काय करायचे याची धास्ती वाटते. तिथे नोकरी करता येईल का आणि निघण्यापूर्वी कोणती तयारी करावी?
– सौ. अ. पा., राजारामपुरी

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. फिरण्याचे दिवस आठवड्यातून एक किंवा दोन. उरलेले पाच कसे जातात यावर तिथला संसार रमतो की नाही हे ठरते, आणि लग्नाच्या धामधुमीत या पाच दिवसांचा विचार कोणीच करीत नाही.

आधी नोकरीचे पाहू. संशोधकाला बहुधा ई-३ आणि त्याच्या पत्नीला एफ-३, म्हणजे अवलंबितांचा व्हिसा मिळतो. या व्हिसावर वेगळी परवानगी घेतल्याशिवाय पगारी काम करता येत नाही. एखाद्या भारतीय उपाहारगृहाच्या मालकांनी ‘दोन तास गल्ल्यावर बसा, तेवढाच वेळ जाईल’ असे आपुलकीने सुचवले, तरी नम्रपणे नाही म्हणावे. इमिग्रेशन खात्याला आपुलकी दाखवता येत नाही. खरोखर नोकरीच करायची असेल, तर आपल्या शिक्षणाला साजेशी जागा शोधून व्हिसाचा प्रकार बदलून घेण्याचा मार्ग असतो, परंतु लेखा आणि करासारख्या क्षेत्रात कोरियन भाषेशिवाय पान हलत नाही. म्हणून पहिले वर्ष भाषेला द्यावे आणि ‘टोपिक’ या सहा पातळ्यांच्या परीक्षेची एखादी पातळी गाठण्याचे ठरवावे.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचा विवाह नोंदणीचा दाखला. महापालिकेकडून तो घेताना दोघांच्या नावांचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळते का ते तिथेच, खिडकीसमोर उभे राहून तपासावे. त्यानंतर त्यावर राज्य शासनाचे साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणीकरण, करून घ्यावे. भारत आणि कोरिया दोन्ही देश अपोस्टिलच्या करारात असल्याने ते तिथे ग्राह्य धरले जाते. लग्नानंतरचे नाव पासपोर्टवर घालण्याची घाई आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोरियात लग्नानंतर बायकांचे आडनाव बदलत नाही, त्यामुळे नवरा-बायकोची आडनावे निराळी पाहून तिथे कोणाची भुवई उंचावत नाही. उलट व्हिसा एका नावाचा आणि दाखला दुसऱ्या नावाचा झाला की प्रत्येक खिडकीवर खुलासे करीत बसावे लागते.

तिथे उतरल्यापासून ९० दिवसांच्या आत परदेशी रहिवासी म्हणून नोंदणी करणे बंधनकारक आहे. ते कार्ड हाती आले की पहिले काम म्हणजे मोबाइल क्रमांक स्वतःच्या नावावर घेणे. सोयीसाठी दोन्ही सिमकार्डे नवऱ्याच्या नावावर घेण्याचा आळस पुष्कळ घरांत होतो आणि तो फार महागात पडतो. कोरियात बँकेचे व्यवहार, वस्तू मागवणे, तिकीट काढणे, अगदी काही ठिकाणी दवाखान्याची वेळ घेणेदेखील स्वतःच्या नावावरील क्रमांकाच्या पडताळणीवर चालते. तो नसेल तर भाजी मागवायलाही लॅबमध्ये फोन करावा लागतो, आणि मग दिवसभर घरात अडकल्याची जी भावना येते तिचे निम्मे कारण हेच असते.

लिपी इथूनच शिकून जा. राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केलेल्या आणि १४४६ मध्ये जाहीर केलेल्या हंगुल लिपीत मुळाक्षरे चोवीसच, चौदा व्यंजने आणि दहा स्वर. बाराखडी गिरवलेल्या माणसाला अक्षर जोडण्याची ही रीत परकी वाटत नाही, आणि अर्थ कळला नाही तरी बसची पाटी, औषधाची चिठ्ठी व पाकिटावरचे नाव वाचता येऊ लागते. भाषेसाठी तिथल्या न्याय मंत्रालयाचा पायरी-पायरीने शिकवणारा सामाजिक एकात्मता कार्यक्रम आहे, शिवाय बहुतेक शहरांत परदेशी रहिवाशांसाठी केंद्रे आहेत. वर्ग घरबसल्याही करता येतात, पण तुम्ही प्रत्यक्ष जावे. व्हिएतनाम, उझबेकिस्तान, मंगोलियातून आलेल्या, तुमच्याच वयाच्या आणि तुमच्याचसारख्या गोंधळलेल्या मुली तिथे भेटतील. भारतीय मंडळ गणपती-दिवाळीला भेटते, या मैत्रिणी दर आठवड्याला भेटतात.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. नव्या सुनेची तिथली खरी परीक्षा कचऱ्यापाशी होते. १९९५ पासून कोरियात कचऱ्याचे शुल्क त्याच्या प्रमाणानुसार द्यावे लागते: सुका कचरा स्थानिक प्रशासनाचे नाव छापलेल्या विकतच्या पिशवीतच टाकायचा, बाटल्या, कागद आणि प्लॅस्टिक निराळे करायचे, आणि खरकटे वेगळ्या पिशवीत किंवा वजन करून पैसे लावणाऱ्या पेटीत. या खरकट्याचे पुढे पशुखाद्य किंवा खत होते, त्यामुळे जनावर जे खाणार नाही ते त्यात चालत नाही. म्हणजे रश्श्याची हाडे, अंड्याची टरफले, कांद्या-लसणाची साले आणि नारळाची करवंटी, ज्यांच्याशिवाय कोल्हापुरी स्वयंपाकघर चालत नाही, ती सारी ओल्या कचऱ्यात नव्हे तर सुक्या कचऱ्याच्या विकतच्या पिशवीत जातात. पहिल्याच दिवशी पतीकडून ही पेटी आणि तिचे वार समजून घ्यावेत, आणि कचरा खाली नेण्याचे काम त्यांच्याकडेच ठेवावे. लॅबला जाताना वाटेतच असते ते.

एकटीने बाहेर पडण्याची सवय सुवॉनमध्येच लावून घ्या. राजा जोंगजोने १७९४ ते १७९६ या काळात बांधून घेतलेला ह्वासोंग किल्ला गावाच्या मध्यात आहे आणि त्याची जवळजवळ पावणेसहा किलोमीटरची तटबंदी पायी फिरता येते. पन्हाळ्याच्या तटावरून चालत वाढलेल्या मुलीला ती जड जाऊ नये. १९९७ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. तिथे पतीची वाट न पाहता, मधल्या एखाद्या वारी, गर्दी नसताना जावे.

प्रश्न : मुलगा आणि सून डेजॉन येथे राहतात. दिवाळीनंतर नात्यातले एक जण तिकडे जाणार आहेत. त्यांच्याबरोबर घरी केलेला कांदा-लसूण मसाला, मटकी आणि लग्नात आलेला कुकर पाठवावा म्हणते. दुसरे असे की, रात्री जेवणे आटोपल्यावर मी फोन करते तर सून उचलत नाही. रागावली असेल का?
– एक सासूबाई, मंगळवार पेठ

उत्तर : मसाला जरूर पाठवा, पण या खेपेला खसखस न घालता करा. आपल्याकडे खसखस भाजून मसाल्यात घालणे ही नित्याची गोष्ट असली, तरी ती अफूच्या बोंडातली बी आहे आणि कोरियात तिच्यावर बंदी आहे; खसखस भुरभुरलेल्या साध्या अमेरिकी मसाल्याच्या बाटल्यादेखील इंचॉन विमानतळावर काढून घेतल्या जातात. अनारसे पाठवणार असाल तर तोच नियम. मसाला बारीक दळलेला, हवाबंद आणि वर इंग्रजीत नाव लिहिलेला असावा. तिखटाची काळजी करू नका, लाल मिरचीच्या पुडीवाचून कोरियन माणसाचा एक घासही उतरत नाही. पण ती पूड चवीला गोडसर असते आणि आपल्या मसाल्यातला भाजल्या खोबऱ्याचा खमंगपणा तिला येत नाही.

मटकी मात्र पाठवू नये. उगवू शकणारे दाणे, ताजी फळे-भाज्या आणि मांसाचे पदार्थ यांवर तिथल्या क्वारंटाइनची करडी नजर असते, आणि ज्यांच्याबरोबर तुम्ही पिशवी देणार त्यांना विनाकारण खोळंबावे लागेल. सोलच्या इतेवोन भागात, मोठ्या मशिदीच्या आसपास, भारतीय उपखंडातल्या वाणसामानाची दुकाने आहेत. कडधान्ये, पिठे, हलालचे मटण तिथे मिळते आणि सामान घरपोच मागवण्याचीही सोय असते. शिवाय मोड आलेले मूग कोरियात कोपऱ्यावरच्या दुकानात अगदी स्वस्त मिळतात. मोड बोटभर लांब असतात, पण त्यांची मिसळ छान होते, असा माझा अनुभव आहे.

कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर आधी सुनेला विचारा. लहान घरांत शेगडी पुष्कळदा इंडक्शनची असते आणि तिच्यावर तो तापतच नाही. स्टीलचा, इंडक्शनला चालणारा कुकर उपयोगी पडेल. मिक्सरला गोल पिनांचा जोड लागेल.

फोनचे कारण साधे आहे. कोरियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुम्ही रात्री नऊला फोन करता तेव्हा तिथे साडेबारा वाजलेले असतात आणि पोरगी दमून झोपलेली असते. दुपारी चारच्या चहाला फोन करा. तिथे साडेसात झालेले असतील आणि तिलाही भाजी चिरता-चिरता बोलता येईल. मात्र तो फोन आधी सुनेला करावा, मुलाला नव्हे.

प्रश्न : मी मूळचा कसबा बावड्याचा, सध्या बुसानला असतो. पत्नी नुकतीच आली आहे. खिसा बेताचा आहे, तरी सुट्टीच्या दिवशी कुठे जाता येईल? तिला आमच्या रोजच्या जगण्याचे आणि फिरण्याचे व्हिडिओ करायची हौस आहे. त्यात काही अडचण?
– एक वाचक, बुसान

उत्तर : बुसानला आहात ही फिरण्याच्या दृष्टीने चैन आहे, कारण सोलच्या मानाने थंडी सौम्य आणि पाहण्याजोगे बरेच काही तास-दीड तासाच्या आत. माझी पहिली पसंती ग्योंगजू. जवळजवळ हजार वर्षे शिल्ला राज्याची ही राजधानी होती. गावाच्या मध्यभागी हिरवळीने झाकलेल्या टेकड्या दिसतात, त्या टेकड्या नसून राजांच्या समाध्या आहेत. जवळच सातव्या शतकातली दगडी वेधशाळा आहे आणि गावाबाहेर बुल्गुक्सा मंदिर व सोक्कुराम गुंफेतला पाषाणाचा बुद्ध. एका दिवसात सारे उरकण्याचा हट्ट धरू नये. समाध्या आणि वेधशाळा एका रविवारी, मंदिर दुसऱ्या.

दुसरे गाव गिम्हे, बुसानहून हलक्या रेल्वेने जाता येते. तिथे राजा सुरो आणि राणी हो ह्वांग-ओक यांच्या समाध्या आहेत. ही राणी इ. स. ४८ मध्ये ‘आयुता’ नावाच्या दूर देशाहून जहाजाने आली, अशी कथा तेराव्या शतकात लिहिली गेली. पुढे त्या आयुताची सांगड अयोध्येशी घातली गेली आणि २००१ मध्ये अयोध्येत राणीचे स्मारकही उभे राहिले. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकते असे म्हणवत नाही, परंतु तुमच्या पत्नीला ओळखीच्या कोरियन बायका ही गोष्ट हमखास ऐकवतील, तेव्हा ठिकाण पाहिलेले बरे.

मार्चअखेरीस बुसानजवळच्या जिन्हेला चेरी फुलते. गर्दी मुंगीलाही वाव न देणारी असते, म्हणून पहाटेची गाडी धरावी. जूनअखेर ते जुलैअखेर पावसाळा. कोल्हापूरकरांना त्याचे काय कौतुक! छुसोक (शरदातला सुगीचा सण) आणि सोल्लाल (चांद्र नववर्ष) या सणांच्या सुट्ट्यांत मात्र लांबचा बेत टाळावा, कारण सारा देश गावी निघालेला असतो आणि गाड्यांची तिकिटे कधीच संपलेली असतात. सोलला गेलात तर ग्योंगबोकगुंग हा १३९५ चा राजवाडा मंगळवारी बंद असतो हे ध्यानात ठेवा. हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून गेल्यास तिथे तिकीट पडत नाही. जेवणाचे म्हणाल तर पत्नी शाकाहारी असल्यास आधीच विचारावे: मांस दिसले नाही तरी सूप सुकवलेल्या मासळीच्या पाण्याचे असते आणि किमची या आंबवलेल्या भाजीतही बहुधा कोळंबीचे किंवा मासळीचे खारवण असते. बौद्ध मठांच्या धाटणीचे जेवण देणारी ठिकाणे त्यांना चालतील. तिथे कांदा-लसूणही नसतो, ही तुमच्यासाठी थोडी शिक्षाच.

व्हिडिओबाबत दोन गोष्टी. तिथे अनोळखी माणसाचा चेहरा परवानगीवाचून दाखवणे अजिबात खपवून घेतले जात नाही. तिथे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये फोटो काढताना आवाज होतोच, तोही गुपचूप कोणाचे फोटो काढले जाऊ नयेत म्हणून. त्यामुळे बाजारात, बसमध्ये चित्रण करताना कॅमेरा आपल्याकडे वळवलेला असावा आणि मागचे चेहरे पुसट करावेत. लोकवस्तीच्या जागी तर अधिक जपावे. सोलमधल्या बुकचोन या जुन्या घरांच्या वस्तीत रहिवाशांच्या तक्रारींमुळे काही भागात सायंकाळी पाच ते सकाळी दहापर्यंत पर्यटकांना मज्जाव आहे आणि मोडल्यास दंडही होतो. बुसानच्या गामचोन वस्तीतही रंगीत भिंतींमागे माणसे राहतात, एवढे स्मरणात असू द्यावे.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. हौस म्हणून केलेल्या चित्रणाला कोणी हरकत घेणार नाही, परंतु जाहिरातींचे पैसे येऊ लागले की अवलंबितांच्या व्हिसावर ते चालते का हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी मंडळातल्या जुन्या जाणत्यांचा सल्ला न घेता इमिग्रेशनच्या १३४५ या क्रमांकावर विचारावे. इंग्रजीत बोलता येते. पहिला पैसा खात्यावर येण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे.