काही मिलिसेकंदांची फट

प्रिय,

तुझा मसुदा वाचला. पहिल्याच परिच्छेदात प्रतिबंधक न्यूरॉन्सना (इतर पेशींना शांत करणाऱ्या मेंदूतल्या पेशींना) तू 'मेंदूचा ब्रेक' म्हटलं आहेस. तो शब्द आधी काढ. मीही बरीच वर्षं तोच वापरत होते, आणि त्यापायी स्वतःचाच डेटा चुकीचा वाचला.

मायकेल वेर आणि अँथनी झेडर यांचा 2003चा शोधनिबंध पुन्हा काढून बस. उंदरांच्या श्रवण कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या आवाज हाताळणाऱ्या भागातल्या) एकेका पेशीत येणारं उत्तेजन आणि प्रतिबंध त्यांनी वेगवेगळे मोजले. प्रतिबंध शेजारच्या स्वरांवर जास्त असेल, असं मला वाटायचं. निघालं भलतंच: दोन्हींचा आवडता स्वर, म्हणजे ज्यावर ते सर्वांत जोरदार असतात तो, जवळपास एकच! फरक वेळेचा. प्रतिबंध काही मिलिसेकंद मागून येतो; तेवढ्या फटीत पेशीनं स्पाइक, म्हणजे विजेचा ठोका, टाकली तर टाकली, नाहीतर दार बंद. स्वर नेमका कधी सुरू झाला हे इतकं काटेकोर टिपलं जातं ते यामुळे.

हे घडवण्यात मोठा वाटा प्रतिबंधक न्यूरॉन्सच्या एका प्रकाराचा, पार्व्हाल्ब्युमिन पेशींचा. थॅलेमसचा (कानाकडून आलेली माहिती कॉर्टेक्सकडे धाडणाऱ्या केंद्राचा) संदेश पिरॅमिडल पेशीला, म्हणजे कॉर्टेक्सच्या मुख्य उत्तेजक पेशीला, मिळतो तसा त्यांनाही मिळतो, आणि त्या लगेच पिरॅमिडल पेशीच्या धडापाशी गॅबा हे शांत करणारं रसायन सोडतात. दुसरा प्रकार सोमॅटोस्टॅटिन पेशींचा, त्यांचा स्वभाव निराळा. त्या मुख्यतः डेंड्राइट्सवर (पेशीच्या संदेश घेणाऱ्या फांद्यांवर) काम करतात आणि एकच स्वर पुन्हापुन्हा वाजला की त्यांचा दाब वाढत जातो. तिसरा प्रकार, व्हीआयपी पेशी, तर या दाबणाऱ्यांनाच दाबतात. (बक्षीस किंवा शिक्षा मिळाली की त्या पेटतात, हे 2013मध्ये श्रवण कॉर्टेक्समध्येच दिसलं. ते तुझ्या पुढच्या प्रकरणासाठी ठेव.)

आता तुझी तिसरी आकृती. लेझरनं सोमॅटोस्टॅटिन पेशी गप्प केल्या, पिरॅमिडल पेशींच्या स्पाइक फारशा वाढल्या नाहीत, म्हणून 'या पेशींचा परिणाम नगण्य' असं तू लिहिलंस. घाई झाली. सोमॅटोस्टॅटिन पेशी पार्व्हाल्ब्युमिन पेशींनाही दाबून ठेवतात. एकीला गप्प केलं की दुसरी मोकळी सुटते, आणि बेरीज शून्याच्या आसपास दिसू शकते. शिवाय एखादा गट बंद केल्याचा परिणाम तो चालू केल्याच्या बरोबर उलटा असेलच, असं गृहीत धरू नकोस.

सरासरी फायरिंग रेट (दर सेकंदाच्या स्पाइक) तूर्त बाजूला ठेव. स्वर सुरू झाल्यापासूनचे पहिले 50 मिलिसेकंद एकेका मिलिसेकंदाच्या खणांत मांड, अरुंद स्पाइकवाल्या (बहुधा पार्व्हाल्ब्युमिन) पेशी वेगळ्या काढ, आणि लेझरची तीव्रता निम्मी करून तोच प्रयोग पुन्हा कर. मग आकृती पाठव, मजकूर नको.

तुझी,
मार्गदर्शक